अंतर भागिले वेळ

शाळेतलं हे गणित आठवतंय? मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटर, मोटारींना ताशी १०० ची मर्यादा, घाटात त्याहून कमी. म्हणजे ५६ मिनिटांत पोचलात तर नियम मोडलाच. तरी ‘पाऊण तासात आलो’ सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतातच!

गाडी दुरूनच ओळखायची कल्पना मुळात वेग पकडायला नव्हती. १९५९ मध्ये अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री (नाव खरंच विक्री!) यांनी वॉशिंग्टनसाठी सुचवलं, की प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवा, रस्त्यावर ते वाचा, गर्दीच्या वेळी जादा दर लावा आणि बिल घरी पाठवा. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं, आणि तीनच दिवसांत ते गेले. असो.

इटलीत १९९० च्या सुमारास टेलिपास आला, लोक न थांबता टोल भरू लागले. वेगासाठी मात्र २००५ मध्ये वेगळी यंत्रणा आली, ‘टुटोर’. दोन ठिकाणचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि मधल्या वेळेवरून सरासरी काढतात. आपल्याकडेही तसंच झालं. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा, पण एक्सप्रेसवेवर सरासरी वेग मोजतात ते २०२४ मध्ये सुरू झालेले कॅमेरे.

मला ही फारकत बरी वाटते. नाक्याने पैसे घ्यावेत, दंड पोलिसांनी करावा. कोण कधी कुठे गेलं याची सगळी वही एकाच हातात कशाला? कॅमेऱ्यांची वही किती दिवस ठेवतात, हेही विचारायला हवंच.

सरासरीला मात्र माझा पाठिंबा. एकट्या कॅमेऱ्यापुढे कचकन ब्रेक दाबून पुढे सुसाट जाता येतं. इथे ती चलाखी चालत नाही, आणि मागच्या गाडीचाही जीव वाचतो.