बघण्यासाठी बांधलेला पूल

मंडळी, आज आपल्याला एका डोंगरावर जायचं आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वतरांगेच्या पायथ्याशी गॅटलिनबर्ग नावाचं छोटं शहर आहे. तिथे भर बाजारातून एका खुर्चीत बसायचं, पोलादी दोराला लटकत क्रॉकेट डोंगर चढायचा आणि वर 680 फूट लांबीच्या झुलत्या पुलावरून चालायचं. पुलाच्या मध्यावर पायाखाली काच आहे आणि काचेखाली सुमारे 140 फूट दरी. आम्ही त्या काचेवर उभे राहिलो तेव्हा पाय लटपटले, हे कबूल करतो. पण मनात आलेला प्रश्न वेगळाच होता. आपण इथे नेमकं काय बघतो आहोत?

आधी खुर्चीचं बघू. चेअरलिफ्टची कल्पना जेम्स करन यांची. ते युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंते. केळ्यांचे घड आकड्याला अडकवून जहाजात चढवणारी फिरती यंत्रणा त्यांना ठाऊक होती. त्यांनी आकड्याच्या जागी खुर्ची लावली, केळ्यांच्या जागी माणूस बसवला, आणि 1936 मध्ये आयडाहोतल्या सन व्हॅलीत पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. ती बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांसाठी होती. गॅटलिनबर्गची लिफ्ट आली 1954 मध्ये, आणि ती मात्र केवळ देखावा बघण्यासाठी.

पुलाचंही तसंच. आपल्याकडे काय किंवा जगात कुठे काय, पूल बांधला जातो तो पलीकडे काम असतं म्हणून. 2019 मध्ये खुला झालेला हा पूल एकाच डोंगराच्या दोन कडा जोडतो. पलीकडे ना बाजार, ना देऊळ. म्हणजे साधनच इथे साध्य झालं. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे उदाहरण चाललं असतं!

पण मग समोरचा देखावा? तो तरी आपोआप आलेला आहे ना? तर नाही. हा चेरोकी लोकांचा मुलूख. 1838 मध्ये त्यांतल्या बहुसंख्य लोकांना सैन्य लावून पश्चिमेला हाकललं गेलं. वाटेत हजारो माणसं मेली. थोडे मागे राहिले, त्यांचे वंशज आजही डोंगरापलीकडे नॉर्थ कॅरोलिनात राहतात. पुढे गोरे शेतकरी वसले, मग लाकूड कंपन्या आल्या आणि जंगलाचा मोठा भाग तोडला गेला. 1934 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्यासाठी जमिनी विकत घेतल्या गेल्या आणि त्या शेतकऱ्यांनाही उठावं लागलं. आज आपल्याला जे अस्पर्श रान वाटतं, त्यातलं बरंचसं त्यानंतर पुन्हा वाढलेलं आहे.

उद्यान झालं हे चुकलं, असं आम्हाला म्हणायचं नाही. ते झालं नसतं तर ही झाडं कदाचित दिसलीच नसती. एवढंच, की निर्जन डोंगर हा बहुतेक वेळा निर्जन केलेला डोंगर असतो, आणि त्याची किंमत बघणाऱ्याने दिलेली नसते.

28 नोव्हेंबर 2016 च्या रात्री वादळी वाऱ्याने डोंगरातला वणवा शहरात आणला. 14 माणसं गेली, दोन हजारांवर इमारतींना झळ बसली. या लिफ्टचंही नुकसान झालं. पुढच्या वर्षी ती नव्याने सुरू झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी हा पूल आला. त्या डोंगरउतारावर जळालेल्या झाडांचे सांगाडे पुलावरून दिसत होते. लोक त्यांना वगळून फोटो काढत होते. आम्हीही आधी तेच केलं, मग जरा लाज वाटली.

खुर्चीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गुडघे साथ देत नाहीत त्या वयात डोंगरमाथा दाखवते, हे तिचे उपकारच. पण दोराला लटकून वर जाणाऱ्या केळ्यांच्या घडाला, खाली कोण राहत होतं, हे विचारता येत नाही. आपल्याला येतं. ते विचारून मग काचेवर खुशाल उभं राहावं.