बागट्रॅक्टर, जुने : घरगुती दुरुस्ती व फेरबदल

घराभोवतीचे गवत कापणे, भाज्यांचे वाफे नांगरणे, हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ लोटणे अशा कामांसाठी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जे छोटे ट्रॅक्टर निघाले, त्यांना बागट्रॅक्टर म्हणतात. त्यांची ताकद साधारण ६ ते २० अश्वशक्ती असते. महाराष्ट्रात ‘छोटा ट्रॅक्टर’ म्हटले की द्राक्षबागेत फवारणीचे यंत्र ओढणारा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतो. तो शेतकऱ्याचा, हा घरमालकाचा. १९५० ते १९८० या काळातले असे पुष्कळ ट्रॅक्टर आजही कामावर आहेत, आणि त्यांना चालते ठेवणारे हात बहुतेक मालकाचेच असतात.

या यंत्राच्या घराण्याचा जन्मच मुळी जोडतोडीतून झाला. वेस्ट व्हर्जिनियातील डनबार गावचे बेंजामिन ग्रेव्हली हे व्यवसायाने छायाचित्रकार. बागेतल्या हातनांगराला त्यांनी इंडियन मोटरसायकलचे भाग जोडले आणि १९१६ मध्ये आपल्या मोटार-नांगराचे पेटंट मिळवले. पुढे मंदीच्या आणि युद्धाच्या वर्षांत ट्रॅक्टर परवडत नव्हते किंवा मिळत नव्हते, तेव्हा लोकांनी जुन्या फोर्ड मोटारी कापून घरीच ट्रॅक्टर केले. त्यांना ‘डूडलबग’ असे गमतीचे नाव पडले. तेव्हा जुन्या बागट्रॅक्टरला हात लावणे म्हणजे त्याचे पावित्र्य बिघडवणे, हा काही संग्राहकांचा आक्षेप इतिहासाला धरून नाही.

इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे एल्मर आणि सेसिल पाँड या पितापुत्रांनी १९४६ मध्ये सुरू केलेला व्हील हॉर्स हा या क्षेत्रातला एक मोठा छाप. अनेक घोड्यांच्या गाडीत चाकांना सर्वांत जवळ जुंपलेल्या, खरा भार ओढणाऱ्या घोड्याला ‘व्हील हॉर्स’ म्हणतात. १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट आणला, १९६३ मध्ये जॉन डिअरने ११० हे मॉडेल काढले. बोलेन्स आणि सिंप्लिसिटी हे दोन्ही छाप विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन या एकाच गावचे.

हे ट्रॅक्टर टिकले याचे कारण ते उघडण्यासारखे बांधलेले आहेत. आजच्या स्वस्त गवतकापणी यंत्रात पातळ पत्रा आणि सीलबंद गिअरबॉक्स असतो. १९६०च्या दशकातील कब कॅडेटमध्ये इंजिनाची ताकद मागच्या ओतीव गिअरबॉक्सकडे पट्ट्याने नव्हे तर दांड्याने जाते, आणि आतले काही गिअर त्याच कंपनीच्या फार्मॉल कब या शेतीच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातले आहेत. दुसरे कारण कोहलर कंपनीची ‘के’ मालिका. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, बाजूच्या झडपा आणि बहुधा एकच सिलिंडर असलेली ही इंजिने अनेक कंपन्यांनी वापरली. के १८१ आठ अश्वशक्तीचे, के २४१ दहाचे, के ३०१ बाराचे, के ३४१ सोळाचे. नावातला शेवटचा आकडा सिलिंडरांची संख्या सांगतो. एकाच इंजिनाचे सुटे भाग इतक्या छापांना चालतात म्हणून ते अजून मिळतात. टेकमसे कंपनीने २००८ च्या सुमारास इंजिनांचा धंदा बंद केला. तिची इंजिने असलेल्या ट्रॅक्टरांच्या मालकांना मात्र भंगार धुंडाळावे लागते.

गोदामात वर्षानुवर्षे पडून असलेला ट्रॅक्टर सुरू न होण्याची कारणे सहसा दोनच, ठिणगी आणि पेट्रोल. कोहलरमध्ये पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, ब्लॉकच्या बाहेर, एका छोट्या झाकणाखाली असतात. झाकण काढून पॉइंट घासायचे आणि फिलर गेजने फट सुमारे ०.५ मिमी ठेवायची. ब्रिग्ज कंपनीच्या अनेक जुन्या इंजिनांत तेच पॉइंट फ्लायव्हीलखाली दडलेले असल्याने पुलर लावून ते चाक उतरवावे लागते, आणि निम्मे हौशी लोक तिथेच कंटाळतात. पेट्रोलचा त्रास वेगळा. शिळ्या पेट्रोलचा डिंकासारखा थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. अमेरिकेत आता सर्रास मिळणाऱ्या १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, त्यांचे कण पुन्हा जेटमध्ये जातात. म्हणून कार्बोरेटर साफ करण्याआधी नळी बदलावी. उलट क्रमाने केले तर तेच काम दोनदा होते.

इंजिन जाम असेल तर घाई हाच खरा शत्रू. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल ओतायचे आणि काही दिवस विसरून जायचे. पिस्टनवर हातोडा मारणारा बहुधा रिंगाही घालवून बसतो. बोअर झिजला असेल तर लेथवाल्याकडे नेऊन ०.०१०, ०.०२० किंवा ०.०३० इंच मोठा करून घेतात व त्या मापाचा पिस्टन घालतात. पाने इंचीच हवेत. मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि बोल्टाचे कोपरे मारतो. गिअरबॉक्सचे तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे, ऑइल सील पाहावे.

गंज काढण्याची घरगुती रीत स्वस्त आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. गंजका भाग ऋण टोकाला, टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो. हे उघड्यावरच करावे, कारण हायड्रोजन निघतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात.

फेरबदलांत सर्वांत साधा म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी. सर्वांत वादाचा आहे संतुलन-गिअर काढण्याचा. के २४१ आणि त्याहून मोठ्या अनेक इंजिनांत थरथर कमी करण्यासाठी क्रँककेसमध्ये दोन जादा गिअर बसवलेले असतात. वयोमानाने ते तुटले तर ब्लॉकलाच भोक पाडू शकतात. काढले तर आसन जास्त हादरते. हादरा सोसता येतो, फुटलेला ब्लॉक सांधणे कठीण, म्हणून इंजिन उघडलेच असेल तर ते काढावेत हे बरे.

पुढे लोडर बसवणारे मागे वजन टाकायला विसरतात आणि पुढचा आस वाकवतात. ओढस्पर्धांसाठी वेग आवरणारा गव्हर्नर काढून इंजिन पळवण्याची हौस तर जिवावरची आहे. ही इंजिने मिनिटाला ३,६०० फेऱ्यांसाठी आखलेली असतात. त्यापुढे ओतीव फ्लायव्हीलचे तुकडे गोळीसारखे उडू शकतात. जाणते स्पर्धक पोलादी फ्लायव्हील आणि त्याभोवती संरक्षक कवच लावतात.

इलेक-ट्रॅक हे वेगळेच प्रकरण आहे. जनरल इलेक्ट्रिकने १९६९ च्या अखेरीस जाहीर केलेला हा विजेवरचा बागट्रॅक्टर ६ व्होल्टच्या सहा शिशाच्या बॅटऱ्यांवर, म्हणजे ३६ व्होल्टवर चाले. पुढे हा व्यवसाय व्हील हॉर्सकडे गेला. आज काही मालक त्यात लिथियम बॅटऱ्या घालतात, तेव्हा ट्रॅक्टर इतका हलका होतो की चाके जमीन धरत नाहीत, आणि शिशाऐवजी लोखंडी वजने लटकवावी लागतात.

रंगाच्या बाबतीतही ‘मूळ’ कशाला म्हणायचे हा प्रश्न सरळ नाही. जॉन डिअरचा हिरवा-पिवळा जगजाहीर असला तरी १९६९ च्या सुमारास कंपनीनेच पांढऱ्या ट्रॅक्टरवर लाल, नारिंगी, निळे किंवा पिवळे बॉनेट व आसन दिले होते. घरच्या रंगकामाला नाक मुरडणाऱ्याने नेमक्या या दुर्मिळ नगावर हिरवा फासल्याची शक्यता असते. म्हणून घासताना बॉनेटच्या आतल्या बाजूचा रंग आधी पाहतात.

जुने इंजिन काढून त्याजागी नवे दोन सिलिंडरी इंजिन बसवणाऱ्यांत एक पद्धत रूढ आहे. चौकटीला नवी भोके न पाडता वेगळी जोडपट्टी करतात. मूळ इंजिनात तेल भरून, प्लगचे भोक बंद करून ते फळीवर ठेवतात, आणि त्याचे बोल्ट डब्यात घालून वर ट्रॅक्टरचा क्रमांक लिहितात.