वेसाव्याचा किल्ला आणि शौर्याची मोईन

वेसाव्याचा किल्ला वेसाव्यात नाही. कोळीवाड्याच्या धक्क्यावरून तरीने खाडीचे मुख ओलांडून मढच्या बाजूस उतरावे आणि तेथून पुष्कळ चालावे, तेव्हा कोठे समुद्राच्या तोंडाशी उभी असलेली ती काळवंडलेली तटबंदी दृष्टीस पडते. तिच्या परिसरावर आज हवाई दलाचा ताबा असल्यामुळे बहुतेकांचे दुर्गदर्शन बाहेरच्या बाहेरच आटोपते. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, आणि साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही चौकी, वसईस समुद्रमार्गे मदत पोहोचू द्यावयाची नसेल तर, हाती असणे मराठ्यांना अगत्याचे होते. १७३७ च्या वसंतात ठाणे पडले आणि साष्टी बेट मराठ्यांकडे आले. तरी वेसाव्याचा हा किल्ला फेब्रुवारी १७३९ पर्यंत फिरंग्यांच्याच हाती होता, आणि तो घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत वसईही शरण आली.

वसईच्या या मोहिमेचे नाव काढले की आपल्या मुखी चिमाजी अप्पांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी चिखलात गुडघाभर रुतून मोर्चे बांधले, सुरुंग खणले, शिड्या लावल्या, त्यांच्या पराक्रमाची दखल त्या काळच्या राज्यकर्त्यांनी कोणत्या रीतीने घेतली, हा प्रश्न इतिहासकारांनी जितका विचारावयास हवा होता तितका विचारला नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

शौर्याची दखल घेण्याची सर्वांत जुनी रीत पाषाणाची. वेसाव्याच्या उत्तरेस, बोरिवलीच्या एक्सर गावी सहा वीरगळ आहेत. त्यांच्या चौकटींत खाली रणात पडलेले योद्धे, मध्ये वल्ह्यांच्या रांगा लावून एकमेकांवर चालून येणारी गलबते, आणि वर पुष्पमाला घेऊन आलेल्या अप्सरा व वीराला लाभलेला शिवलोक असा क्रम कोरलेला आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातील तेराव्या शतकातील आरमारी लढाईचे हे चित्र, असे काही पंडित मानतात. काहींना ते शिल्प त्याहून पुष्कळ प्राचीन वाटते. वाद कसाही सुटो, शिल्पकाराने वल्ही मात्र मन लावून कोरली आहेत, आणि ती धरणारे हात याच किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांचे असावेत असे समजण्यास हरकत नाही.

दुसरी रीत दफ्तराची, आणि माझ्या मते तीच अधिक विचारी. सभासदाने आपल्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची जी व्यवस्था नमूद केली आहे, तीत कामी आलेल्यांच्या मुलांचे सरकारातून चालवावे, ज्यांना पुत्र नाही त्यांच्या स्त्रियांना अर्धे वेतन करून द्यावे, आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन द्यावेत, असा बंदोबस्त आहे. स्वराज्याच्या संस्थापकाने, शिवाजी महाराजांनी, शौर्याचा सत्कार केला तो असा, घरच्या चुलीपर्यंत पोहोचणारा. पुढे पेशवाईत पडलेल्या शिपायाच्या कच्च्याबच्च्यांना मिळणाऱ्या नेमणुकीस बालपरवेशी म्हणत. तिच्यापुढे आपल्या काळचे हारतुरे व शाली फिक्या पडतात. वसईच्याच मोहिमेतील तारापूरच्या वेढ्यात जानेवारी १७३९ मध्ये बाजी भिवराव रेठरेकर हा मातबर सरदार गोळी लागून पडला. सरदाराचे नाव इतिहासात राहिले. त्याच्या बरोबरीने पडलेल्या शिलेदाराचे नाव एखाद्या जमाखर्चाच्या फर्दात बालपरवेशीच्या नोंदीपुरतेच उरावयाचे, पण त्या नोंदीने त्याचे घर तरी उभे राहावयाचे.

मात्र दफ्तराच्या मापात सगळीच माणसे बसतात असे नव्हे. चौलच्या लाय पाटलाची हकीकत परंपरेने सांगितली जाते ती अशी की, जंजिऱ्याच्या तटास रातोरात शिड्या लावण्याचे अचाट काम या कोळी पुढाऱ्याने केले. ठरल्याप्रमाणे मोरोपंतांची फौज वेळेवर न पोहोचल्याने बेत फसला आणि उजाडण्यापूर्वी शिड्या काढून घ्याव्या लागल्या. तरीही महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. लाय पाटलाने तो नम्रपणे नाकारला, कारण पाण्यावर जगणाऱ्या माणसाने पालखीत बसून जावे कोठे? तेव्हा महाराजांनी गलबत बांधवून त्याचे नावच ‘पालखी’ ठेवले, ते त्यास दिले आणि सरपाटीलकीही बहाल केली. फसलेल्या मोहिमेतील पराक्रमाचाही बहुमान होतो, ही या हकीकतीतील गोष्ट मला विशेष वाटते. आणि तो बहुमान घेणाऱ्याच्या धंद्यास शोभेल असा घडविणे, यास तर रसिकताच लागते.

साष्टीच्या बाबतीत मात्र एक विसर पडतो. अणजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी या मोहिमेसाठी पेशव्यांपाशी कित्येक वर्षे लकडा लावला होता. फिरंग्यांच्या जुलमाची गाऱ्हाणी, वाटाघाटांची बित्तंबातमी, स्थानिक माणसांची जुळवाजुळव हे सारे त्यांचे. वसईच्या विजयाचा नगारा झडतो तेव्हा या घराण्याचा आवाज त्यात क्वचितच ऐकू येतो.

शत्रूच्या शौर्याविषयीही त्या पिढीला कंजूषपणा नव्हता. मे १७३९ मध्ये वसईचा तह झाला तेव्हा पराभूत पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांसह, निशाणे फडकावीत व ढोल वाजवीत किल्ल्याबाहेर पडण्याची मुभा देण्यात आली. ज्या तटाखाली आपली हजारो माणसे पडली, त्या तटाच्या रक्षकांना ताठ मानेने जाऊ देणे सोपे नव्हते.

वेसाव्याचा किल्ला मराठ्यांकडे पस्तीसच वर्षे राहिला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले, त्याच चढाईत वेसावेही गेले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांची झाली. शौर्याची दखल घेण्याची आजची रीत निराळी: दरवर्षी ७ डिसेंबरला सैनिकांच्या ध्वजदिनाचे चिमुकले कागदी निशाण कोणी तरी आपल्या खिशावर टाचतो. १९४९ पासून चालत आलेल्या या निधीतून माजी सैनिकांच्या व वीरपत्नींच्या कुटुंबांना मदत होते. डबा पुढे आला की नाणे शोधण्यात आपण जो वेळ काढतो, तेवढ्यात बालपरवेशीची सनद लिहून, शिक्का मारून तयार होत असावी.