वृद्ध रुग्णाचा डिस्चार्ज लांबतो तेव्हा: घरच्यांनी कोणती तयारी करावी?

आजार आटोक्यात आला, सलाईन बंद झाले, डॉक्टरांनी "आता घरी न्या" असे सांगितले, तरी वयस्कर रुग्ण आणखी आठ-दहा दिवस दवाखान्यातच राहतो. औसा-लातूर भागात हे नेहमी दिसते. अनेकदा कारण वैद्यकीय नसते. मुले पुण्या-मुंबईला नोकरीवर असतात, घरी आजोबांना सांभाळायला एकट्या आजी असतात. उचलून बसवणार कोण, लघवीची पिशवी कोण पाहणार, हे ठरलेले नसते. डिस्चार्जची तयारी रुग्ण ॲडमिट झाल्यापासूनच सुरू केली तर हे दिवस वाचतात.

जास्त दिवस थांबल्याने काय होते?

"अजून दोन दिवस राहू द्या" असे वाटणे साहजिक आहे. पण गरज नसताना वृद्ध रुग्ण खाटेवर पडून राहिला तर नुकसान होते.

- पायांतली ताकद काही दिवसांतच घटते. चालत आलेल्या रुग्णाला जाताना आधार लागतो.
- पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर जखमा (बेडसोअर) होतात.
- न्यूमोनिया आणि दवाखान्यातील इतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.
- अनोळखी जागा आणि अपुरी झोप यामुळे काही जण असंबद्ध बोलतात, माणसे ओळखत नाहीत.
- पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते.

याचा अर्थ घाईने घरी न्यावे असा नाही. ताप, दम किंवा ऑक्सिजनची गरज असेल, तर रुग्णाला ठेवायचे की सोडायचे हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना हे विचारा

1. साधारण किती दिवसांत सोडाल?
2. घरी गेल्यावर ते स्वतः उठतील, जेवतील, संडासला जातील का?
3. नळी, पिशवी, ड्रेसिंग राहणार आहे का?
4. वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड यांपैकी काय लागेल?

काळजीचे पर्याय

*घरच्यांकडून:* स्ट्रोक किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरनंतरही पुष्कळ रुग्णांची घरी चांगली काळजी घेता येते. त्यासाठी घरच्या दोघांनी तरी वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घ्यावे आणि डिस्चार्जच्या आधी त्यांच्यासमोर स्वतः करून पाहावे. पडून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. नाकातल्या नळीने अन्न देताना आणि नंतर अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी. सगळा भार एकट्या सुनेवर किंवा लेकीवर टाकू नका, पाळ्या लावा.

*पगारी मदतनीस:* ठेवण्यापूर्वी त्यांना नळी, ड्रेसिंग यांचा अनुभव आहे का ते विचारा. नुसती सोबत करणारी व्यक्ती आणि प्रशिक्षित नर्स यांत फरक असतो.

*गावाजवळचे सरकारी रुग्णालय:* मोठ्या उपचारांची गरज संपली, पण इंजेक्शन किंवा ड्रेसिंग काही दिवस बाकी असेल, तर लातूरऐवजी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सोय होईल का, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारा. नातेवाइकांची ये-जा वाचते.

*वृद्धांसाठीचे केअर सेंटर:* घरी कोणीच नसेल तर काही आठवडे हा पर्याय घ्यावा. यात कमीपणा नाही. "लोक काय म्हणतील" म्हणून रुग्णाला घरी एकटे ठेवणे जास्त धोक्याचे आहे. जागा आधी स्वतः पाहून या.

सरकारी मदत कुठे मिळते?

ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. योजनेत सहभागी रुग्णालयांत कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्याही त्यात येतात. मात्र घरच्या मदतनीसाचा पगार यातून मिळत नाही, त्याची तजवीज आधीच करा.

ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. गावातल्या आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांनाही डिस्चार्ज झाल्याचे कळवा.

डिस्चार्जच्या दिवशी

- कोणते जुने औषध बंद, कोणते नवे सुरू, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.
- पुढची तपासणी, टाके काढण्याची आणि नळी बदलण्याची तारीख विचारा.
- अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, तो नंबर घ्या.
- घरी खाट संडासाजवळ हलवा, रात्री दिवा ठेवा, मोरीतली ओल पुसून घ्या.

ताबडतोब दवाखाना कधी गाठावा?

दम लागणे, छातीत दुखणे, अचानक बरळणे किंवा गुंगी येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, लघवी बंद होणे, ताप येणे, एकच पाय सुजणे, खाणेपिणे सुटणे. यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गंभीर लक्षण असेल तर 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.