सोर हुआनाचे मौन : एका अन्वयार्थाचा इतिहास

१६९४ साली मेक्सिको शहरातील सान हेरोनिमो मठात एका संन्यासिनीने आपल्या धर्मनिष्ठेचे प्रतिज्ञापत्र लिहिले आणि त्यावर स्वतःच्या रक्ताने स्वाक्षरी केली. त्या वेळी तिचे ग्रंथ माद्रिद आणि सेव्हिल येथे छापले जात होते आणि स्पॅनिश भाषेच्या प्रदेशात तिच्याइतकी ख्याती असलेले कवी फारसे उरले नव्हते. पुढच्याच वर्षी, १७ एप्रिल १६९५ रोजी, मठात शिरलेल्या साथीत आजारी भगिनींची शुश्रूषा करताना तिचा मृत्यू झाला. सोर हुआना इनेस दे ला क्रूस हे तिचे नाव. ‘सोर’ म्हणजे भगिनी. अखेरच्या वर्षांत तिने लेखणी खाली ठेवली, ग्रंथसंग्रह आणि वैज्ञानिक उपकरणे दानधर्मासाठी देऊन टाकली, असे परंपरा सांगते. तिच्या या मौनाला गेल्या तीन शतकांत जे अर्थ देण्यात आले, त्यांचा इतिहास हा वाङ्मयेतिहासाच्या पद्धतीविषयीचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित करतो : लेखकाने जे लिहिले त्याचा अर्थ लावण्याची साधने समीक्षेजवळ आहेत, त्याने जे लिहिले नाही, त्याचा अर्थ कोणत्या आधारावर लावायचा?

हुआनाचा जन्म पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या परिसरातील सान मिगेल नेपांत्ला या गावी झाला. तिचा पहिला चरित्रकार, स्पेनमधील जेझुइट दिएगो काय्येहा, १६५१ हे तिचे जन्मवर्ष देतो. विसाव्या शतकात उपलब्ध झालेली बाप्तिस्म्याची एक नोंद मात्र १६४८ची आहे, आणि तीत मुलीचा उल्लेख ‘चर्चची कन्या’ असा, म्हणजे अनौरस संततीसाठी रूढ असलेल्या शब्दांत, केलेला आहे. आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. आजोबांच्या घरातील पुस्तके हीच तिची पाठशाळा. विद्यापीठ स्त्रियांना बंद होते. पुरुषवेश करून आपल्याला तेथे पाठवावे, असा हट्ट तिने लहानपणी आईजवळ धरला होता. पुढे व्हॉइसरॉयच्या दरबारात तिचा प्रवेश झाला. तेथे चाळीसेक विद्वानांनी तिची परीक्षा घेतल्याची आणि तीत ती निर्विवाद उत्तीर्ण झाल्याची कथा काय्येहा सांगतो. ती कथा आहे तशी स्वीकारावी असे नाही. परंतु मुलीच्या विद्वत्तेकडे दरबार एक नवल म्हणून पाहत होता, हे तिच्यातून पुरेसे स्पष्ट होते.

१६६७ साली ती प्रथम कार्मेलाइट मठात गेली. तेथील कडक शिस्त न सोसल्याने काही महिन्यांतच बाहेर पडली आणि १६६९च्या फेब्रुवारीत सान हेरोनिमो मठात तिने अखेरची व्रते घेतली. विवाहाविषयी आपल्याला सर्वस्वी अनिच्छा होती आणि अभ्यासाला मोकळीक देणारा तेवढाच एक मार्ग उरला होता, असे तिने पुढे नि:संकोचपणे लिहिले आहे. त्यामुळे संतकवयित्री या आपल्याकडील परिचित वर्गात तिला बसवू पाहणे दिशाभूल करणारे ठरेल. तिची धर्मकाव्ये पुष्कळ आहेत. परंतु ईश्वरप्राप्तीची तळमळ हे तिच्या मठप्रवेशाचे कारण नव्हते. मठात तिने हिशेबनिसाचे काम केले, नाटके लिहिली, सणांसाठी गीते रचली. त्यांपैकी १६७६च्या गीतमालिकेत नाहुआत्ल या मूळ मेक्सिकी भाषेतील एक गीतही आहे. तिच्या ‘दिव्य नार्सिसस’ या धर्मनाट्याच्या प्रवेशिकेत अ‍ॅझ्टेकांचा बीजदेवतेचा विधी आणि ख्रिस्ती प्रसादविधी यांच्यातील साम्य मांडण्याचे साहस तिने केले. तिच्या कोठडीतील हे स्वातंत्र्य ज्या व्यवस्थेवर उभे होते तीही दृष्टिआड करता येत नाही. आईने सेवेसाठी दिलेली एक गुलाम स्त्री तिच्याजवळ होती आणि १६८४ साली तिने ती आपल्या बहिणीला विकली. तिचे गौरवीकरण करणाऱ्या लेखनात हा तपशील सहसा आढळत नाही.

‘पहिले स्वप्न’ ही तिची ९७५ ओळींची कविता १६९२मध्ये प्रसिद्ध झाली. रात्री देह निद्रिस्त असताना आत्मा समग्र विश्वाचे आकलन करू पाहतो, त्या प्रयत्नात पराभूत होतो, दुसऱ्या पद्धतीने पुन्हा चढू लागतो आणि तेवढ्यात सूर्य उगवतो. ज्ञानाचा हा नायक कोण, हे कविता जवळजवळ अखेरपर्यंत सांगत नाही. शेवटच्या शब्दाला लागलेला स्त्रीलिंगी प्रत्यय ते उघड करतो. विशेषणाला लिंगवचन लावण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला या एका प्रत्ययाचे वजन सांगावे लागू नये.

तिच्या आयुष्यातील संघर्षाचे निमित्त मात्र कविता नव्हती. आंतोनिओ व्हिएरा या विख्यात पोर्तुगीज जेझुइटाने १६५० साली ख्रिस्ताच्या प्रेमाची परमोच्च खूण कोणती याविषयी एक प्रवचन दिले होते. त्याचे तार्किक खंडन तिने एका पत्रात केले. प्वेब्लाचा बिशप मानुएल फेर्नांदेस दे सांता क्रूस याने ते १६९०मध्ये, ‘अथेनेला शोभणारे पत्र’ असे नाव देऊन, परस्पर छापले आणि त्याला स्वतःचे एक पत्र जोडले. ‘सोर फिलोतेआ’ हे स्त्रीनाम धारण करून त्याने तिच्या बुद्धीची प्रशंसा केली आणि ऐहिक विद्या सोडून धर्मग्रंथांकडे वळण्याचा उपदेशही केला. बिशपाने संन्यासिनीचा वेश घ्यावा आणि विद्यापीठासाठी पुरुषवेश मागणाऱ्या मुलीला त्या वेशातून ‘भगिनी’ म्हणून समज द्यावी, या विपर्यासाचा विचार व्हावा तेवढा झालेला नाही.

१ मार्च १६९१ ही तारीख असलेले तिचे उत्तर हा स्पॅनिश अमेरिकेच्या वैचारिक गद्यातील एक असाधारण लेख आहे. त्यात आत्मचरित्र आहे, विदुषींची प्रदीर्घ नामावली आहे आणि स्त्रीच्या खाजगी अध्ययनाच्या हक्काचा काटेकोर युक्तिवाद आहे. अंडे तुपातेलात आळते आणि पाकात मात्र विखुरते, अशा स्वयंपाकघरातील निरीक्षणांची नोंद ती करते आणि अ‍ॅरिस्टॉटलने रांधले असते तर त्याने आणखी पुष्कळ लिहिले असते, अशी थट्टाही करते. एका मठाधिपतीने अभ्यासाला बंदी केली तेव्हा सुमारे तीन महिने आपण पुस्तकाला हात लावला नाही. परंतु जे जे दिसले त्याचाच अभ्यास केला, असेही ती सांगते. पुस्तकत्याग म्हणजे विचारत्याग नव्हे, हे तिने अखेरच्या त्यागापूर्वी तीन वर्षे लिहून ठेवलेले आहे.

या मौनाचा पहिला अर्थ काय्येहाने दिला. १७०० साली माद्रिदमध्ये निघालेल्या तिच्या मरणोत्तर ग्रंथात त्याने लिहिलेले चरित्र समाविष्ट आहे आणि त्याची घडण संतचरित्राची आहे. प्रतिभा, कीर्ती, विरक्ती, पुण्यमरण असा हा क्रम. त्यात मौन हा कळस ठरतो. पुढे बरोक काव्याचीच अप्रतिष्ठा झाल्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिची कविता दुर्बोधतेचा नमुना म्हणून बाजूला पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९१०मध्ये, आमादो नेर्वो या कवीच्या पुस्तकाने तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. १९२०च्या दशकात डोरोथी शॉन्स या अमेरिकन विदुषीने बिशप, पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू आणि आर्चबिशप यांच्या दडपणाचा प्रश्न मांडला. १९५१ ते १९५७ या काळात मेंदेस प्लांकार्ते यांनी आरंभिलेली समग्र वाङ्मयाची आवृत्ती पूर्ण झाली. प्लांकार्ते स्वतः धर्मगुरू होते आणि अखेरच्या त्यागात त्यांना सक्ती नव्हे, तर उन्नती दिसत होती. संहिता एकच असूनही तिच्या संपादकाचे आणि तिच्या उदारमतवादी वाचकांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले, ते यामुळे.

ऑक्ताव्हिओ पाझ यांचा ‘सोर हुआना इनेस दे ला क्रूस अथवा श्रद्धेचे सापळे’ हा बृहद्ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. १९६२ ते १९६८ या काळात भारतात राजदूत असलेले आणि त्लातेलोल्को येथील विद्यार्थ्यांच्या हत्याकांडाच्या निषेधार्थ ते पद सोडणारे पाझ मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. या ग्रंथात त्यांनी नवस्पेनचा दरबार, मठव्यवस्था, हर्मेटिक तत्त्वज्ञान आणि बरोक काव्यशास्त्र यांची जी पुनर्रचना केली आहे, तिला तोड नाही. तिचा पाडाव त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांमधील स्पर्धेत शोधला. व्हिएराचे खंडन छापून प्वेब्लाच्या बिशपाला मेक्सिकोचा आर्चबिशप आगियार इ सेइहास याच्यावर बाण सोडायचा होता. तिचे आश्रयदाते व्हॉइसरॉय दांपत्य स्पेनला परतले होते. १६९२च्या दुष्काळी दंगलीत राजवाड्याला आग लागली आणि सगळीकडे प्रायश्चित्ताचे वातावरण पसरले. या परिस्थितीत ती एकाकी पडली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रक्ताच्या स्वाक्षरीची तुलना ते विसाव्या शतकातील साम्यवादी खटल्यांशी करतात : ज्या मतप्रणालीने आपल्याला आरोपी केले तिच्यावर स्वतःचीही श्रद्धा असल्याने आरोपी आपणहून अपराध कबूल करतो.

ही तुलना पाझ यांच्या जीवनाशी फार जवळून निगडित आहे. १९५१ साली ब्वेनोस आयर्सच्या ‘सुर’ या नियतकालिकात त्यांनी सोव्हिएत छळछावण्यांविषयीची कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, सोर हुआनावरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख आला. तीस वर्षे हे दोन विषय त्यांच्या मनात शेजारी राहिले. त्यामुळे त्यांचे विवेचन अग्राह्य ठरत नाही. किंबहुना लेखक आणि सनातनी संस्था यांच्या संबंधांची इतकी सूक्ष्म चिकित्सा अशा अनुभवावाचून झाली नसती. परंतु रूपकाला पुराव्याचा दर्जा मिळाला की कथानक आधीच ठरून जाते. काय्येहाच्या चरित्रात ती संत होऊन मरते, पाझ यांच्या ग्रंथात बळी होऊन. शेवट दोघांनाही सारखाच लागतो : पूर्ण, निरपवाद मौन.

पुरावा तितका निरपवाद नाही. १९८०मध्ये मोंतेर्रेच्या धर्मविद्यालयातील ग्रंथालयात फादर आउरेलिआनो तापिया मेंदेस यांना तिच्या एका पत्राची नक्कल सापडली. धर्मगुरू नुन्येस दे मिरांदा याला १६८२च्या सुमारास लिहिलेल्या या पत्रात, तो आपली जी जाहीर निंदा करतो तिचा जाब विचारून ती त्याचे मार्गदर्शन स्वतःहून नाकारते. बिशपाच्या पत्राच्या कितीतरी आधी हा संघर्ष सुरू झाला होता आणि पहिले पाऊल तिने उचलले होते. पाझ यांनी पुढील आवृत्तीत या पत्रावर परिशिष्ट जोडले. मूळ कथानकाची चौकट मात्र कायम राहिली. पोर्तुगालच्या संन्यासिनींसाठी तिने रचलेली वीस कोडी एन्रिके मार्तिनेस लोपेस यांनी १९६८मध्येच उजेडात आणली होती. त्यांच्या हस्तलिखितांवर १६९५ हे वर्ष आहे, म्हणजे ज्या काळात ती वाङ्मयाला पारखी झाली असे मानले जाते, त्याच काळात महासागरापलीकडे तिचे ऐहिक काव्य संग्रहित होत होते. १९९०च्या दशकात एलियास त्राबुल्से यांनी तिच्या मृत्यूनंतर कोठडीत पुस्तके आणि हस्तलिखितांचे गठ्ठे असल्याची एक नोंद पुढे आणली. त्या नोंदीच्या विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. तिच्यावर फार भार टाकू नये. तिच्याविनाही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच.

‘उत्तरा’च्या आरंभी तिने स्वतःच मौनाचा एक सिद्धान्त मांडला आहे. मौन पुष्कळ सांगते. परंतु त्यावर एखादी चिठ्ठी लावावी लागते, नाहीतर ते काहीच सांगत नाही, असा त्याचा आशय आहे. चरित्रकारांनी आपापली चिठ्ठी लावली. तिने लावलेली चिठ्ठी कोणती, हे पाहताना १६९४ची कागदपत्रे पुन्हा वाचावी लागतात. त्यांची भाषा रूढ विधीची आहे. स्वतःला सर्वांत अधम म्हणवून घेणे हे मठातील नम्रतेचे नेहमीचे सूत्र होते आणि रक्ताची स्वाक्षरीही त्या काळच्या भक्तीत अनोखी नव्हती. आश्चर्य आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे : कवितेचा, अभ्यासाचा किंवा व्हिएराच्या खंडनाचा स्वतंत्र अपराध म्हणून उल्लेख या कबुलीत नाही. शब्दांची इतकी जाण असलेल्या लेखिकेकडून ही वगळणूक अनवधानाने झाली असे मानणे कठीण आहे. तिने सर्वसामान्य पापांची कबुली दिली, एका विशिष्ट पापाची दिली नाही.

१७०० सालच्या त्या मरणोत्तर ग्रंथाचा संपादक कास्तोरेना इ उर्सुआ याने काय्येहाच्या चरित्राबरोबर १६९४ची प्रतिज्ञापत्रे छापली आणि तोवर अप्रकाशित असलेले ‘उत्तर’ही छापले. त्याच ग्रंथात युरोपातील आपल्या स्तुतिकारांना उद्देशून तिने लिहिलेली एक दीर्घ कविता आहे. लोक ज्या स्त्रीची स्तुती करतात ती आपण नव्हे, ती त्यांच्या लेखण्यांनी रचलेली कोणी दुसरीच आहे, असे ती त्यात म्हणते. कविता अपुरी आहे. तिच्यावरील टीप सांगते, की ती मसुद्याच्या स्थितीत, अखेरचा हात न फिरवलेली, तिच्या मृत्यूनंतर सापडली.