आमवाताची कुळकथा

बीदर-कलबुर्गीकडील आपल्या जुन्या मराठी घरांत 'वात' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. गुडघा धरला की वात, बोटे सुजली की वात. निजामी अमलात वैद्यक आणि युनानी शेजारी नांदले. वैद्य संधिवात म्हणत, हकीम 'वजा-उल-मफासिल' म्हणून सुरंजान देत. पण उतारवयात झिजलेला गुडघा निराळा आणि ऐन चाळिशीत दोन्ही हातांच्या बोटांना येणारी सूज निराळी, हा भेद घरात क्वचितच केला गेला. पहाटे आखडलेल्या हातांनी जिला ज्वारीची भाकरी थापता येईना, ती सून कामचुकार ठरली.

वास्तविक हा आजार जुन्यांनी ओळखला होता. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास 'माधवनिदाना'ने आमवाताला स्वतंत्र अध्याय दिला. विंचू डसल्यासारखी वेदना, ज्वर, सांध्यांची सूज ही लक्षणे त्यात आहेत. कारण मात्र न पचलेला 'आम' सांगितले आहे. त्यात आजचे प्रतिकारशास्त्र शोधण्याचा अट्टहास आम्हांस मान्य नाही. निरीक्षण अचूक होते, एवढे श्रेय पुरेसे आहे. युरोपात १८०० साली लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने पॅरिसमधील नऊ स्त्रियांचे वर्णन केले आणि १८५९ मध्ये गॅरॉडने 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव रूढ केले.

खरा उलगडा विसाव्या शतकातला. शरीर स्वतःवरच उलटणार नाही, असे एर्लिखसारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. १९४० मध्ये नॉर्वेच्या वालर यांना अशा रुग्णांच्या रक्तात एक विलक्षण घटक आढळला. तो शरीराच्याच प्रतिपिंडांविरुद्ध निर्माण झालेला प्रतिपिंड आहे, हे पुढे उमगले. कुंपणच शेत खाऊ लागले होते! सांध्याचे मऊ अस्तर सुजते, फोफावते आणि कूर्चा व हाड कुरतडते.

गरोदरपणात ही दुखणी पुष्कळदा निवतात, याकडे अमेरिकेतील हेंच यांचे लक्ष गेले. त्या धाग्यावरून ते १९४८ मध्ये कॉर्टिझोनपर्यंत पोहोचले आणि १९५० मध्ये नोबेलचे मानकरी झाले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. परंतु दीर्घ सेवनाने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, हेही लवकरच दिसले. गुण 'रातोरात' देणाऱ्या काही निनावी पुड्यांत हेच स्टेरॉइड मिसळलेले असते. १९८० च्या दशकात स्थिरावलेले मेथोट्रेक्झेट आजही उपचाराचा कणा आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते.

कलबुर्गीहून पुण्याकडे जाणारी गाडी भिगवणवरून जाते. त्या गावात १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी फिरून चार हजारांवर प्रौढांची विचारपूस केली. हा आजार सुमारे अर्धा टक्का लोकांत आढळला. तेच प्रमाण धरले, तर हजार प्रौढांच्या गावात अशी पाच माणसे निघतील, त्यांत बहुतेक बायका. हाडांची झीज पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि एकदा वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही.