अडुळशाचे कूळ

परभणी जिल्ह्यात खोकला हटेना झाला, छातीत कफ घुरघुरू लागला, की अडुळशाचे नाव निघतेच. हे झुडूप इतके कडू की शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. म्हणूनच ते कुंपणाला लावतात आणि म्हणूनच त्याचा पाला बारमाही हाताशी राहतो. पाने गरम करून पिळायची, रसात मध घालून चाटण द्यायचे, नाहीतर ज्येष्ठमध, बेहडा, सुंठ, पिंपळी घालून काढा उकळायचा, ही रीत घरोघर ठाऊक आहे. औषधाच्या दुकानात कफ पातळ करणारे म्हणून जे सिरप मिळते, त्याच्या बाटलीवर मात्र पुष्कळदा ब्रोमहेक्झिन किंवा अम्ब्रॉक्सॉल असे लिहिलेले असते. पहिले गावठी, दुसरे विलायती, असा आपला समज. खरे तर दोन्ही एकाच कुळातली आहेत. ते कूळ नीट तपासले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. या औषधाने पिढ्यानपिढ्या कफ हलका केला, पण झिजलेले फुप्फुस पूर्ववत केल्याचा पुरावा कोणत्याही पिढीने दिलेला नाही. अडुळशाचा मान आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी याच इतिहासावरून ठरवायला हव्यात.

या कुळाची सर्वांत जुनी पिढी आयुर्वेदाच्या ग्रंथांत सापडते. तिथे अडुळसा ‘वासा’ किंवा ‘वासक’ या नावाने येतो, आणि कास, श्वास, रक्तपित्त, क्षय या विकारांशी त्याची जोडी लागते. पानांचा रस सहजासहजी निघत नाही, हे जुन्या वैद्यांनी ओळखले होते. त्यांनी त्यावर पुटपाकाचा उपाय काढला: वाटलेल्या पाल्याचा गोळा पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, विस्तवात भाजायचा आणि मग पिळायचा. शार्ङ्गधरसंहितेत ही कृती दिलेली आहे. घरात पाने तव्यावर शेकून रस काढतात, ती याच कृतीची सोपी आवृत्ती. मराठवाड्यात या परंपरेला युनानीची जोड मिळाली, कारण 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हकिमांच्या जोशांद्यातले, म्हणजे काढ्यातले, सपिस्तान म्हणजे आपले भोकर आणि मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध. वैद्य आणि हकीम यांची शास्त्रे वेगळी होती, पण काम एकच होते: चिकट कफ सुटा करणे आणि घशाची ढास शमवणे.

पुढची पिढी प्रयोगशाळेत जन्मली. उटकमंडला मद्रास सरकारचे सिंकोना-रसायनज्ञ असलेल्या डेव्हिड हूपर यांनी 1888 मध्ये अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि त्याला व्हॅसिसिन हे नाव मिळाले. हेच हूपर पुढे मुंबईचे विल्यम डायमॉक आणि वॉर्डन यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या भारतीय वनौषधींवरच्या मोठ्या ग्रंथाचे लेखक झाले. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतले रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी घोष यांनी 1925 मध्ये या द्रव्याचा श्वासनलिकांवरचा परिणाम तपासला. नलिका थोड्याच, पण टिकून रुंदावतात, असे त्यांना दिसले. 1959 मध्ये अमीन आणि मेहता यांनी ‘नेचर’मध्ये व्हॅसिसिनोन या दुसऱ्या द्रव्याची माहिती दिली; हवेच्या संपर्कात व्हॅसिसिनचेच ते बनते. याच धाग्यावरून जर्मनीत व्हॅसिसिनच्या रचनेत फेरफार करून ब्रोमहेक्झिन तयार झाले आणि 1963 मध्ये बाजारात आले. ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्याचे जे रूप होते ते अम्ब्रॉक्सॉल, आणि पुढे तेही स्वतंत्र औषध म्हणून विकले जाऊ लागले. कफाला चिकटपणा देणारे तंतू ही औषधे तोडतात, त्यामुळे बेडका सैल होऊन बाहेर पडतो.

या वंशावळीवरून कुणी म्हणेल, सिरप जर पाल्याचेच अपत्य असेल तर पालाच का घेऊ नये? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ब्रोमहेक्झिन हा पानाचा अर्क नाही. ते कारखान्यात घडवलेले वेगळे रसायन आहे. पानाने फक्त त्याची दिशा दाखवली. त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते. पानातले व्हॅसिसिन मात्र ऋतू, जमीन आणि वाळवण्याची पद्धत यांप्रमाणे कमीजास्त होते, म्हणून मूठभर पाल्याच्या काढ्यात किती औषध उतरले हे सांगता येत नाही. व्हॅसिसिन गर्भाशयाला आकुंचन आणते, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेच्या कामातून पुढे आले, तेव्हा गरोदर बाईला हा काढा देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे चाटणही देऊ नये. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत याच कुळाने खोटी ठरवली आहे. बाटलीतले भाईबंदही याला अपवाद नाहीत: अम्ब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्झिनमुळे क्वचित त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया उमटू शकते, असा इशारा युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2015 मध्ये दिला.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. ग्रंथांत क्षयावरही वासा सांगितलेली आहे, मग तिला फक्त कफाचे औषध का म्हणायचे? त्या काळी रोगाची ओळख लक्षणांवरूनच होत असे, आणि खोकला व रक्त पडणे या लक्षणांवर वैद्यांनी जे उपयोगी दिसले ते लिहून ठेवले. क्षयाचा जंतू 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी दाखवला, आणि त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन 1940च्या दशकात आले. ब्रोमहेक्झिन आणि अम्ब्रॉक्सॉल क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात, असे ग्रेंज आणि स्नेल यांनी 1996 मध्ये नोंदवले खरे, पण तो प्रयोग नळीतला होता, रोग्यावरचा नव्हता. आणि इथेच खरा धोका आहे. काढ्याने खोकला थोडा हलका झाला की माणूस तपासणी पुढे ढकलतो, आणि क्षय त्या आडोशाला घरभर पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी, हा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. सरकारी दवाखान्यात तपासणीही मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात. अडुळशाने या तपासणीच्या आड येता कामा नये.

परभणीसारख्या कापसाच्या आणि तुरीच्या मुलखात जुनाट कफाचे एक कारण चुलीशीच असते. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्यांचा धूर वर्षानुवर्षे छातीत जातो, तोही बहुतेक बायकांच्या. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडले, की कधीही विडी न ओढलेल्या माणसांनाही श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा आजार, म्हणजे सीओपीडी, होतो आणि त्यामागे चुलीचा धूर मोठे कारण आहे. 2016 मध्ये भारतात या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांत कफ पातळ करणाऱ्या औषधांचा उपयोग किती, याचा आढावा वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने घेतला आहे. आजार उसळण्याचे प्रसंग थोडे कमी होतात, फुप्फुसाच्या ताकदीत मात्र फारसा फरक पडत नाही. पूर्वी जे दिसत होते तेच आता मोजूनही निघाले.

उलट टोकाचा आक्षेपही ऐकू येतो: काढा म्हणजे अंधश्रद्धा, तो सोडूनच द्यावा. पण ज्या पाल्याच्या गुणाची दखल कलकत्त्यापासून जर्मनीपर्यंतच्या प्रयोगशाळांनी घेतली, तो पाला पिढ्यानपिढ्या जपणाऱ्यांचे निरीक्षण खोटे कसे म्हणावे? जिथे दवाखाना लांब आहे तिथे कफ सुटायला मदत करणारा हा उपाय मोलाचा आहे. फक्त त्याची जागा मदतनिसाची आहे. आधी थुंकीची तपासणी आणि फुंकर मारून होणारी स्पायरोमेट्री व्हावी, डॉक्टरांनी सांगितलेला पंप ‘सवय लागेल’ या भीतीने टाळू नये, चूल धूर बाहेर जाईल अशी करावी किंवा गॅस वापरावा, आणि या सगळ्याच्या जोडीला, डॉक्टरांना सांगून, अडुळसा घ्यावा. वासा ते अम्ब्रॉक्सॉल या दीर्घ प्रवासात हे कूळ टिकले ते प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचे म्हणणे तपासून घेतले म्हणून. अडुळशावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी आपल्या छातीचीही तशीच तपासणी करून घ्यावी.